सपाट म्हणजे किती सपाट?

जेम्स वॉट म्हटला की आपल्याला चहाची किटली आठवते. आत वाफ कोंडली, झाकण थडथडले आणि त्या मुलाच्या डोक्यात इंजिन शिरले, अशी ती गोष्ट. गोष्ट छान आहे, पण तिच्यात इंजिन कुठेच नाही. वाफेचे इंजिन वॉटच्या जन्माआधीपासून, १७१२ पासून, इंग्लंडच्या खाणींतले पाणी उपसत होते. ते उभे केले होते टॉमस न्यूकोमेन या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने. वॉट ग्लासगोच्या विद्यापीठात उपकरणे बनवणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर होता. त्याच्याकडे या इंजिनाचे एक छोटे प्रतिरूप दुरुस्तीला आले. दर फेरीला सिलिंडर तापवायचा आणि लगेच थंड करायचा, यातच सगळा कोळसा जातो, हे त्याच्या ध्यानात आले. १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला: वाफ थंड करायचे भांडे वेगळे ठेवायचे, सिलिंडर गरमच राहू द्यायचा. पेटंट १७६९ मध्ये मिळाले. इंजिन मात्र कामाला लागले १७७६ मध्ये. कल्पना सुचली आणि ती खाणीत उतरली, यांमध्ये अकरा वर्षे गेली. पहिला भागीदार कर्जात बुडाला हे त्याचे एक कारण. पण पैसा मिळाला असता तरी इंजिन चालले नसते, कारण दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामधून वाफ निसटत होती. पत्रा ठोकून केलेला किंवा ओतून खरवडलेला सिलिंडर खरा गोल नव्हताच. वॉटने फटीत चिंध्या, ताग, बूच, कागद, जे हाती लागेल ते कोंबून पाहिले. त्या काळातला इंग्लंडचा सर्वांत जाणता अभियंता जॉन स्मीटन याने इंजिन पाहून मत दिले होते की एवढे अचूक यंत्र बनवण्याजोगी हत्यारेही नाहीत आणि माणसेही नाहीत. स्मीटनचे चुकले नव्हते. १७६९ मध्ये ती खरोखरच नव्हती.

ती आली जॉन विल्किन्सन या लोहकारखानदाराकडून. तोफेची नळी आतून कोरायचे यंत्र त्याने सुधारले आणि पुढे तीच युक्ती सिलिंडरला लावली. जुन्या यंत्रात कापणारे पाते एका लांब दांड्याच्या टोकाला असे आणि दांड्याला आधार एकाच बाजूने. पोकळी वाकडी ओतली गेली असेल तर लोंबणारा दांडा त्या वाकडेपणाच्या मागोमाग जाई. भोक गुळगुळीत होई, सरळ होत नसे. विल्किन्सनने दांडा सिलिंडरच्या आरपार काढला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. बस्स, इतकेच. आता पात्याचा मार्ग सिलिंडर ठरवत नव्हता, दांडा ठरवत होता. वॉटचा नवा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने कौतुकाने नोंदवले आहे की पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक नव्हता. एका नाण्याची जाडी! आज मोटारसायकलच्या सिलिंडरमध्ये एवढा फरक निघाला तर तो भंगारात जाईल. पण औद्योगिक क्रांती नावाची प्रचंड गोष्ट १७७५च्या सुमारास या एका नाण्याच्या फटीतून आत आली. वॉटचे नाव आज विजेच्या दिव्यावर छापलेले असते. विल्किन्सनचे नाव यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याला विचारले तरी तो डोके खाजवील.

या पुस्तकाचा विषय ही दुसऱ्या प्रकारची माणसे आहेत. त्यांचा गौरव व्हायला हवा, एवढेच म्हणायचे असते तर प्रस्तावनेची गरज नव्हती. गौरव समारंभात होतात. म्हणायचे आहे ते थोडे वेगळे आणि जरा वादाचे आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास आपण कल्पनांचा इतिहास म्हणून सांगतो: अमक्याला अमुक सुचले, मग ते बनवले गेले. यात ‘मग’ हा शब्द फार मोठे ओझे वाहतो. बनवणे म्हणजे सुचलेल्या गोष्टीची नुसती हमाली आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझे म्हणणे असे की धातूला अचूक आकार देणे हे स्वतःच एक चिंतन आहे, त्यात स्वतंत्र शोध आहेत, आणि कुठली कल्पना कोणत्या साली जन्म घेणार याचा निकाल बहुतेक वेळा याच शोधांनी दिलेला आहे.

यातला सर्वांत मूलभूत प्रश्न वरवर पोरकट वाटतो. वाकड्या हत्याराने सरळ वस्तू कशी बनवायची? सुताराला रंधा मारून फळी सपाट करायची तर रंध्याचा तळ आधी सपाट हवा. तो कशावर घासून सपाट केला? त्याहून सपाट असलेल्या कशावर तरी. मग ते? मागे जाता जाता आपण अशा ठिकाणी पोचतो जिथे जगात एकही सपाट वस्तू नाही, आणि तरी सुरुवात करायची आहे. याचे उत्तर तीन लोखंडी पाट्यांत आहे. दोन पाट्या घेतल्या, एकीला रंग लावून दुसरीवर फिरवले, रंग जिथे उमटला तिथला उंचवटा खरवडला, असे करत गेले तर त्या एकमेकींवर तंतोतंत बसतील. पण एक किंचित फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असली तरी त्या बसतातच. वाटी आणि तिच्यात बसणारा पेला, दोघे एकमेकांच्या चुका झाकतात. तिसरी पाटी आली की ही मिलीभगत मोडते. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर, अशा तिन्ही जोड्या बसायच्या असतील तर फुगीरपणाला लपायला जागाच उरत नाही. तिघींना सपाट व्हावेच लागते. बाहेरून कोणतेही प्रमाण न आणता, तीन सदोष वस्तूंच्या परस्परांशी तुलनेतून निर्दोषाच्या जवळ जायचे. शुद्ध भूमितीचा हा युक्तिवाद कोणत्या ग्रंथात नव्हे, कारागिराच्या बाकावर सिद्ध झाला. जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोच्या विज्ञानसभेत तो मांडला म्हणून श्रेय त्याला मिळते, पण व्हिटवर्थ ज्याच्या हाताखाली शिकला त्या हेन्री मॉडस्लीच्या लंडनमधल्या कारखान्यात कामगारांच्या बाकांवर अशा पाट्या आधीपासून ठेवलेल्या असत. आपल्याकडच्या कोणत्याही टूलरूममध्ये आजही निळा रंग लावून ‘ब्लू मारतात’ आणि स्क्रेपरने ठिपके काढतात, ती हीच रीत. फक्त ती काय सिद्ध करते हे तिथे सहसा कोणी सांगत नाही.

मॉडस्लीवर थोडे थांबले पाहिजे. १७७१ मध्ये वुलिच येथे जन्मलेला हा मुलगा बाराव्या वर्षी तिथल्या शस्त्रागारात काडतुसे भरू लागला, मग सुतारकामाकडून लोहारकामाकडे सरकला. अठराव्या वर्षी त्याला जोसेफ ब्रामाने बोलावून घेतले. ब्रामाने एक कुलूप शोधले होते. कुणालाही उघडता न येणारे, पण त्याच कारणाने कुणाला मोठ्या संख्येने बनवताही न येणारे. ते बनवण्याची हत्यारे मॉडस्लीने घडवली. आठवड्याला तीस शिलिंग मिळत होते. पगारवाढ मागितली, ब्रामाने नाकारली, मॉडस्ली १७९७ मध्ये बाहेर पडला आणि स्वतःचा कारखाना काढला. (ब्रामाचे कुलूप मात्र १८५१ पर्यंत अजिंक्य राहिले. त्या वर्षी एका अमेरिकन कुलूपवाल्याने ते उघडले, आणि त्यालाही सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले.) मॉडस्लीचा ध्यास म्हणजे आटे. बोल्टवर आटे पाडायचे काम तोवर कानस आणि नजर यांच्या भरवशावर चाले. दोन बोल्ट सारखे नसत. नट आणि बोल्ट यांची जोडी जुळली की ती चुकू नये म्हणून खूण करून ठेवावी लागे. मॉडस्लीच्या लेथवर कापणारे हत्यार माणसाच्या हातात नव्हते, ते घसरपट्टीवर घट्ट आवळलेले होते, आणि त्याला पुढे सरकवणारा लीड स्क्रू दातेरी चाकांनी कापायच्या तुकड्याच्या फिरण्याशी बांधलेला होता. चाके बदलली की आट्यांचे अंतर बदलते. आजच्या प्रत्येक लेथचा सांगाडा हाच आहे. पण प्रश्न पुन्हा तोच: लीड स्क्रू स्वतः अचूक नसेल तर त्यावरून पडणारे आटे अचूक कसे होणार? यासाठी मॉडस्लीने पाच फूट लांबीचा, दर इंचाला पन्नास आटे असलेला स्क्रू बनवला आणि त्यावर बारा इंच लांबीचा नट. नटाच्या आत सहाशे आटे. एखाद्या आट्यात बारीक चूक असेलही, पण सहाशे आटे एकदम पकड घेतात तेव्हा कुणा एकाची चूक चालत नाही. सहाशेंची सरासरी चालते. पाट्यांच्या बाबतीत तुलनेने जे साधले ते इथे सरासरीने साधले.

मॉडस्लीने लिहून काय ठेवले, असे विचारले तर उत्तर जवळजवळ काहीच नाही असे द्यावे लागेल. त्याने माणसे ठेवली. रिचर्ड रॉबर्ट्स, जोसेफ क्लेमंट, जेम्स नास्मिथ, जोसेफ व्हिटवर्थ, हे सगळे त्याच्याकडून शिकून गेले. रॉबर्ट्सने १८१७ मध्ये मँचेस्टरला धातूसाठी रंधा मारणारे यंत्र बनवले. अशा यंत्रांनी काय केले ते व्हिटवर्थने आकड्यांत सांगितले आहे: ओतीव लोखंडाचा एक चौरस फूट पृष्ठभाग छिन्नी आणि कानस यांनी सपाट करायला बारा शिलिंग मजुरी पडे, प्लेनिंग मशीनवर एक पेनीसुद्धा पडत नसे. बारा शिलिंग म्हणजे १४४ पेनी. सपाटपणा १४४ पटींनी स्वस्त झाला आणि म्हणून रेल्वेची इंजिने, यंत्रमाग, छापखाने सामान्य खर्चाच्या टप्प्यात आले. रॉबर्ट्स १८६४ मध्ये हलाखीत वारला.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. मॉडस्लीला लेथचा जनक म्हणणे हा इंग्रज लेखकांचा अभिमान आहे. हत्यार धरणारी सरकती बैठक रशियात पीटर बादशहाच्या दरबारी आंद्रेई नार्तोव याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातच वापरली होती. फ्रान्समध्ये व्होकान्सोनने लोखंडी चौकटीचा भक्कम लेथ मॉडस्लीच्या जन्माआधी बांधला. आटे पाडणारा सेनो याचा फ्रेंच लेथ १७९५चा आहे. अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सनने अशा लेथचे पेटंट १७९८ मध्ये घेतले. त्याचे यंत्र सरकारी शस्त्रागारांत एवढे वापरले गेले की पन्नास वर्षांनी अमेरिकी संसदेने त्याला दहा हजार डॉलर देऊन उपकार फेडले. मग पहिला कोण? मला वाटते या विषयात ‘पहिला कोण’ हा प्रश्नच कल्पनांच्या इतिहासातून उसना आणलेला आहे. नार्तोवचे लेथ अप्रतिम होते, पण ते बादशहासाठी होते. त्यांच्यावर शोभेच्या वस्तू कोरल्या जात. त्यांच्यातून दुसरे लेथ जन्मले नाहीत. यंत्राची खरी परीक्षा त्याच्यावर स्वतःपेक्षा चांगले यंत्र बनते की नाही ही आहे, आणि तिथे मॉडस्लीचा कारखाना वेगळा ठरतो. विस्मृतीत गेलेल्यांच्या यादीत नार्तोव आणि सेनो यांना जरूर जागा द्यावी, पण एका विसरलेल्या नावाच्या जागी दुसरे विसरलेले नाव बसवून विषय संपत नाही.

याहून गंभीर आक्षेप चार्ल्स बॅबेजच्या प्रकरणातून निघतो, आणि तो थेट माझ्याच मुद्द्यावर उलटतो. बॅबेजने गणकयंत्राची कल्पना १८२०च्या दशकात मांडली. काळाच्या पुढे असल्यामुळे, त्या काळच्या कारागिरांना एवढे अचूक भाग बनवता न आल्यामुळे ते यंत्र अपुरे राहिले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. माझ्या सिद्धांताला याहून सोयीचे उदाहरण मिळाले नसते. फक्त ते खरे नाही. बॅबेजचे भाग बनवत होता विणकराचा मुलगा असलेला जोसेफ क्लेमंट, मॉडस्लीकडे मुख्य आरेखक म्हणून राहिलेला. १८३२ मध्ये त्याने सुमारे दोन हजार भागांचा एक तुकडा जोडून दाखवला आणि तो आजही चालतो. लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्या नंतरच्या आराखड्यावरून १९९१ मध्ये गणना करणारे पूर्ण यंत्र उभे केले, तेही एकोणिसाव्या शतकात शक्य होती तेवढीच अचूकता ठेवून. ते बिनचूक चालले. म्हणजे हात तयार होते. सरकारचे सतरा हजार पौंडांहून अधिक पैसे बुडाले, आणि ते बुडवले बॅबेजच्या स्वभावाने आणि हत्यारे कोणाची यावरच्या भांडणाने. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे कामासाठी घडवलेली हत्यारे कारागिराचीच असत आणि क्लेमंटने ती सोडली नाहीत. तेव्हा कारागिरी पुरेशी असली की कल्पना आपोआप जन्मते, असे मी म्हणू शकत नाही. कारागिरी ही अट आहे, हमी नाही. पण या अपयशाची शेपटी पाहा. बॅबेजच्या कामासाठी क्लेमंटने आपले लेथ, रंधायंत्रे आणि आटे यांची पद्धत सुधारून घेतली, आणि त्या कारखान्यात काम करणाऱ्यांत एक तरुण व्हिटवर्थ होता. गणकयंत्र झाले नाही. त्या पैशातून ब्रिटनच्या प्रमाणित आट्यांचा कर्ता मात्र तयार झाला. या प्रस्तावनेच्या शेवटी तो आपल्या स्वयंपाकघरात भेटेल.

तिसरा आक्षेप कामगाराच्या बाजूचा आहे. यंत्रांनी कारागिरी वाढवली कुठे, मारलीच ना? पोर्टस्मथच्या गोदीत जहाजांच्या दोरखंडांना लागणारे लाकडी कप्पे बनवायची पंचेचाळीस यंत्रे मार्क ब्रुनेलने योजली आणि मॉडस्लीने बांधली. ११० कुशल कप्पेवाल्यांचे काम दहा बिनशिकलेली माणसे करू लागली. १८०८ पर्यंत वर्षाला १,३०,००० कप्पे निघत होते. त्या शंभर माणसांचे काय झाले याची काळजी कोणी वाहिली नाही, आणि यंत्रांची स्तुती करताना हे गिळून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण कौशल्य नाहीसे झाले असेही नाही. ते कप्पा बनवणाऱ्याच्या हातातून कप्प्याचे यंत्र बनवणाऱ्याच्या हातात गेले आणि तिथे ते अधिक अवघड झाले. अमेरिकेतल्या बंदुकांच्या इतिहासात हे स्पष्ट दिसते. कुठल्याही बंदुकीचा कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीला बसावा, हे ईलाय व्हिटनीने १८०१ मध्ये नेत्यांसमोर करून दाखवले असे शाळेत शिकवतात. त्याच्या वाचलेल्या बंदुका नंतर तपासल्या तेव्हा त्यांचे भाग अदलाबदल होत नाहीत असे आढळले. हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉलने वर्षानुवर्षे मापके, पकडी आणि कटरची यंत्रे घडवून १८२०च्या दशकात ती गोष्ट खरोखर साधली, आणि सरकारी तपासणीत ती उतरली. व्हिटनी प्रसिद्ध आहे. त्याला बोलता येत होते.

आणि बंदुका, तोफा, काडतुसे यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा होतो आहे, हेही वाचकाने टिपले असेल. अचूकतेचा बहुतेक खर्च युद्धाने उचलला आहे. विल्किन्सन तोफांतून सिलिंडरकडे आला, व्हिटवर्थ आट्यांतून रायफलींकडे गेला. पुण्याजवळ खडकीला १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि स्वातंत्र्यानंतर अंबरनाथला यंत्रहत्यारांचे नमुने बनवणारा सरकारी कारखाना आला, तोही संरक्षण खात्याचा. हे नाकारण्यात अर्थ नाही. मोजमापाची कला निष्पाप नाही. ती ज्याचे पैसे त्याचे काम करते.

या परंपरेतला मला सर्वांत प्रिय माणूसही बंदुकीच्याच कारखान्यातला आहे. स्वीडनमधल्या एस्किलस्तूना गावच्या सरकारी रायफल कारखान्यात कार्ल एडवर्ड योहानसन तपासणीचे काम करी. माउझर रायफली परवान्यावर बनवायच्या ठरल्या म्हणून तो जर्मनीतल्या मूळ कारखान्यात गेला. तिथे प्रत्येक मापासाठी एक वेगळे मापक, अशी हजारो मापकांची रांग त्याने पाहिली. एवढी सगळी घरी जाऊन पुन्हा बनवायची? परतीच्या आगगाडीत तो हिशेब करत बसला: ठोकळे एकमेकांवर रचून जर कोणतेही माप तयार करता आले, तर किती ठोकळे लागतील? उत्तर निघाले १०२. तेवढ्या ठोकळ्यांतून एक मिलिमीटरपासून शतांश मिलिमीटरच्या पायरीने सुमारे वीस हजार मापे मिळतात. हे १८९६चे. सोनाराच्या वजनांचा डबा डोळ्यांसमोर आणला की कल्पना कळते. थोड्या वजनांतून असंख्य तोल. पण वजने नुसती पारड्यात टाकायची असतात. ठोकळे एकमेकांवर ठेवताना प्रत्येक जोडात अगदी थोडी फट राहिली तरी चुका साचत जातात. म्हणून बाजू इतक्या सपाट हव्यात की दोन ठोकळे किंचित पिळून सरकवले की ते चुंबकाविना एकमेकांना चिकटून राहतात. ही घासणी करण्यासाठी योहानसनने बायकोचे शिवणयंत्र बदलून घरीच यंत्र तयार केले. (त्या माउलीचे शिवण पुढे कशावर झाले, हे इतिहासाने नोंदवलेले नाही.) इंचातले ठोकळे बनवताना पेच पडला, कारण ब्रिटिश इंच २५.४ मिलिमीटरपेक्षा तिळभर कमी आणि अमेरिकन इंच तिळभर जास्त होता. योहानसनने सरळ मधला २५.४ धरला, तोही २० अंश तापमानाला. जगभरच्या कारखान्यांत त्याचेच ठोकळे होते, त्यामुळे व्यवहारात तोच इंच झाला. सरकारांनी त्यावर १९५९ मध्ये शिक्का मारला. शिंप्याच्या टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. त्या दोन बाजूंचे भांडण एका स्वीडिश फोरमनने मिटवलेले आहे.

आपल्याकडे ही माणसे का आठवली जात नाहीत, याला जगातल्या कारणांखेरीज एक घरचे कारणही आहे. सुतार, लोहार, कातारी, तांबट यांचे ज्ञान हातात राहिले आणि लिहिणाऱ्यांची जात वेगळी राहिली. जे लिहिले जात नव्हते ते ज्ञान नव्हे, अशी आपली समजूत झाली, आणि इंग्रजी शिक्षणाने ती मोडण्याऐवजी पक्की केली. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबुराव या बंधूंनी जुना प्रोजेक्टर खोलून अभ्यासला आणि स्वतःचा चित्रपट कॅमेरा घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबुरावांनी सहकारी दामले यांच्या मदतीने तो पुरा केला आणि त्यांच्या ‘सैरंध्री’ या चित्रपटाचा काळ त्यातून उघडला. फिल्म दर क्षणी तेवढीच पुढे सरकून थबकली पाहिजे, हे दातेरी चाकांचे आणि खिळ्यांचे काम आहे, कुंचल्याचे नव्हे. या बंधूंचे मूळ आडनाव मिस्त्री. इतिहासात मात्र ते पेंटर म्हणून राहिले. मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांनी लंडन-न्यूयॉर्कमध्ये राहून छपाईचे खिळे ओतणारी यंत्रे बनवली. त्यांना आपण ‘भारताचे एडिसन’ म्हणतो, म्हणजे आठवणीतही त्यांना दुसऱ्याच्या नावाने हाक मारतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर अर्थात विसरले गेलेले नाहीत. पण १९०३च्या लोखंडी नांगराची गोष्ट सांगताना लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, एवढेच रंगवून सांगितले जाते. फाळ कसा ओतला, त्याला धार आणि टणकपणा कसा आणला, हे सांगणारा क्वचित भेटतो.

शेवटचा आक्षेप आजच्या माणसाचा: आता सीएनसी आले, संगणक सांगतो तसे हत्यार फिरते, स्क्रेपर आणि कानस यांचे कौतुक हे चरख्याच्या कौतुकासारखे नाही का? नाही. संगणक हत्याराला सांगतो कुठे जा. तिथे जाणारी वाट सरळ आहे की नाही हे संगणकाच्या हातात नसते. उत्तम यंत्रांच्या घसरपट्ट्या आजही माणसे हाताने स्क्रेप करतात. आणि ज्या चिपवर हा संगणक चालतो तिची गोष्टही सपाटीचीच आहे. चिपमध्ये तारांचे थर एकावर एक चढतात. खालचा थर उंचसखल राहिला तर वरच्या थराचे चित्र धूसर उमटते. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये प्रत्येक थर रसायन आणि बारीक भुकटी यांनी घासून सपाट करायची पद्धत निघाली, तेव्हा थर वाढवता आले. खोलीत धूळ नको म्हणून जीव टाकणाऱ्या उद्योगाने चिपच्या चकतीवर मुद्दाम भुकटीचा लेप घालून ती घासावी, हे सुरुवातीला अनेकांना वेडेपणाचे वाटले. मॉडस्लीला वाटले नसते. उलट बाजूचे उदाहरण हबल दुर्बिणीचे आहे. १९९० मध्ये तिची पहिली चित्रे धूसर आली. २.४ मीटरचा आरसा अतिशय सुबक घासलेला होता, पण चुकीच्या आकाराचा: तपासणीच्या उपकरणातले एक भिंग १.३ मिलिमीटर जागचे हलले होते. आरसा त्या चुकीशी इमानदारीने जुळला आणि कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त घासला गेला. दोन पाट्या एकमेकींच्या चुका झाकतात, हे इथे अब्जावधी डॉलर खर्चून पुन्हा शिकावे लागले. दुसऱ्या, साध्या उपकरणाने फरक दाखवला होता. त्या तिसऱ्या पाटीचे ऐकले गेले नाही.

राहिला व्हिटवर्थ. १८४१ मध्ये त्याने आटे सर्व देशात एकाच मापाचे असावेत असा प्रस्ताव मांडला. पुढे अमेरिकेने साठ अंशांचा कोन धरला, मेट्रिक बोल्टही साठ अंशांचेच झाले, आणि बोल्टांच्या दुनियेत व्हिटवर्थ मागे पडला. पाण्याच्या नळांत मात्र तो राहिला. भारतात जुना जस्त चढवलेला लोखंडी पाइप असो, ओट्यावरची तोटी असो की बेसिनखालचा कॉक, त्यांच्यावरचे आटे ब्रिटिश पाइपच्या मानकाचे, म्हणजे व्हिटवर्थच्या रूपाचे असतात. पूर्वी प्लंबर त्यांच्यावर सुतळी आणि सफेदा लावी, आता पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळतो. या आट्याच्या दोन उतारांमधला कोन ५५ अंशांचा आहे. ५५ हा आकडा कोणत्याही सिद्धांतातून आलेला नाही. पन्नास किंवा साठ ठेवला असता तरी पाणी अडले असते. व्हिटवर्थने ठिकठिकाणच्या कारखान्यांतून त्यांचे त्यांचे स्क्रू मागवले, ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने पाडलेले, कुणाचे उथळ, कुणाचे खोल. ते सगळे मोजले आणि सरासरी काढली. त्या कारागिरांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत.